लिनक्सवर गेम : अडतं कुठे, अडवतं कोण?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार संपला आणि घरोघरच्या चांगल्या चालत्या कॉम्प्युटरांचा प्रश्न उभा राहिला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. ज्यांच्याकडे हे नाही त्यांनी मशीन भंगारात काढायचं की त्यावर लिनक्स टाकायचं? पत्रं लिहिणं, हिशेब ठेवणं, ब्राउझर, सिनेमे या कामांना लिनक्स पुरून उरतं. गाडं अडतं ते गेमपाशी. ‘लिनक्सवर गेम चालत नाहीत’ हे वाक्य आपण इतकी वर्षं ऐकलं आहे, की आता ते कुणी तपासूनही पाहत नाही.

ते तपासायचं तर नुसत्या समर्थकाचं ऐकून भागत नाही आणि नुसत्या विरोधकाचंही. म्हणून इथे दोघांना समोरासमोर बसवलं आहे. मावशी पुण्यात एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते; घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्सशिवाय काही ठेवत नाही आणि रात्री त्यावरच गेम खेळते. भाचा नाशिकला इंजिनिअरिंग शिकतो, हॉस्टेलवर राहतो. लॅपटॉपवर विंडोज आहे, लिनक्सही त्याने टाकून पाहिलं आहे.

भाचा : मावशी, माझा पहिला प्रश्न अगदी साधा आहे. रात्री मेसमधून आलो की आम्ही पाच जण व्हॅलोरंट खेळायला बसतो. तो गेम लिनक्सवर उघडतसुद्धा नाही. मग माझ्यापुरती चर्चा तिथेच संपली ना?

मावशी : त्या गेमपुरती संपली. व्हॅलोरंट, फोर्टनाइट, पब्जी, डेस्टिनी २, कॉल ऑफ ड्यूटीचे नवे भाग हे लिनक्सवर खेळता येत नाहीत. पण एवढ्या यादीवरून सगळ्या गेमिंगचा निकाल लावू नकोस. ते का चालत नाहीत तिकडे मला यायचंच आहे. आधी जे चालतं ते कसं चालायला लागलं ते ऐक, म्हणजे न चालण्याचं कारणही नीट कळेल.

भाचा : बरं, सांग.

मावशी : लिनक्सवर विकतचे गेम आणायचा पहिला मोठा प्रयत्न लोकी सॉफ्टवेअर या अमेरिकन कंपनीने केला. १९९८ साली ती सुरू झाली. दुसरीकडे गाजलेले गेम ती लिनक्ससाठी तयार करून विकायची. २००२च्या सुरुवातीला ती बंद पडली. पुढे २०१२मध्ये व्हॉल्व्ह कंपनीचे प्रमुख गेब न्यूवेल यांनी विंडोज ८ ही सगळ्यांसाठीच आपत्ती असल्याचं जाहीरपणे म्हटलं. मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्येच स्वतःचं दुकान थाटलं होतं. मग व्हॉल्व्हच्या स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाचं काय होणार, हा प्रश्न त्यामागे होता. फेब्रुवारी २०१३मध्ये लिनक्ससाठी स्टीम आलं. २०१५मध्ये लिनक्सवर गेम चालवणाऱ्या स्टीम मशीन आल्या आणि त्या चालल्या नाहीत. दुखणं लोकीच्या वेळचंच होतं. प्रत्येक कंपनीने लिनक्सची वेगळी आवृत्ती काढायची, तपासायची, वर्षानुवर्षं सांभाळायची आणि गिऱ्हाईक मात्र मूठभर. २०२०मध्ये रॉकेट लीग या गेमने तर असलेली लिनक्स आवृत्तीही बंद केली.

भाचा : मग बदललं काय?

मावशी : ऑगस्ट २०१८मध्ये व्हॉल्व्हने प्रोटॉन आणलं. गेम बनवणाऱ्यांनी लिनक्ससाठी काही करावं ही अपेक्षाच त्यांनी सोडली. विंडोजसाठी बनलेला गेम जसाच्या तसा घ्यायचा आणि लिनक्सवर चालवायचा.

भाचा : म्हणजे इम्युलेटरच. म्हणूनच सगळे म्हणतात की हळू चालणार.

मावशी : इम्युलेटर नाही. इम्युलेटरला एका जातीच्या प्रोसेसरच्या सूचना दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरला समजावत बसावं लागतं. इथे प्रोसेसर तोच असतो, त्यामुळे गेमचा कोड थेट चालतो. प्रश्न येतो तो गेम विंडोजकडे काही मागतो तेव्हा. फाइल उघडून दे, आवाज वाजव, खिडकी दाखव. या मागण्या पुऱ्या करायचं काम वाइनचं. १९९३पासून जगभरची माणसं ते लिहीत आली आहेत. विंडोज जी कामं करून देतं, तीच करून देणारा कोड त्यांनी स्वतः नव्याने लिहिला. चित्रांचं काम वेगळं. गेम डायरेक्टएक्समधून सांगतो की हे त्रिकोण इथे काढ, ही सावली तिथे पाड. डीएक्सव्हीके नावाचा भाग ते सगळं व्हल्कनमध्ये आणून ग्राफिक्स कार्डाच्या हवाली करतो. डायरेक्टएक्स १२साठी तेच काम व्हीकेडीथ्रीडी-प्रोटॉन करतं. व्हल्कन २०१६मध्ये आलं. ते खुलं मानक आहे आणि कार्डाच्या फार जवळ जाऊन काम करतं, म्हणून हा मधला टप्पा असूनही वेगात फारसा फरक पडत नाही. काही गेम तर विंडोजपेक्षा सुरळीत चालतात.

भाचा : ‘काही गेम’ हा लिनक्सवाल्यांचा ठरलेला शब्द आहे. रोज खेळायला बसलं की काय दिसतं ते सांग.

मावशी : स्टीममध्ये ‘इन्स्टॉल’ दाबते, मग ‘प्ले’ दाबते. पहिल्या वेळी एक पट्टी सरकत राहते, व्हल्कन शेडर्स तयार होत असल्याचं सांगणारी. मग गेम उघडतो आणि पुढे लिनक्स आहे की विंडोज हे डोक्यातही येत नाही. पण एकदा त्या गेमचं फोल्डर उघडून बघ. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी स्वतंत्र छोटं विंडोज मांडून देतं. आत ‘ड्राइव्ह सी’, त्यात ‘प्रोग्राम फाइल्स’, ‘विंडोज’, ‘सिस्टिम३२’ आणि ‘यूजर्स’मध्ये ‘स्टीमयूजर’ नावाचा वापरकर्ता. बरेचसे गेम त्याच्याच ‘डॉक्युमेंट्स’मध्ये आपली सेव्ह फाइल ठेवतात. एखाद्या गेमचं बिनसलं तर सेव्ह फाइल बाजूला काढायची आणि ते फोल्डर उडवायचं; पुढच्या वेळी प्रोटॉन नवं मांडून देतं. बाकीच्या गेमना त्याचा धक्काही लागत नाही.

भाचा : ही सोय चांगली आहे, मान्य. आता माझा अनुभव ऐक. सुट्टीत मी ड्युअल बूट केलं, म्हणजे विंडोजच्या जोडीला लिनक्स टाकलं. हॉस्टेलच्या वायफायवर शंभर जीबीचा गेम पुन्हा उतरवणं म्हणजे शिक्षाच. म्हणून लिनक्समधल्या स्टीमला विंडोजच्या पार्टिशनवरचं गेमचं फोल्डर दाखवलं. गेम यादीत आले. ‘प्ले’ दाबलं, त्याचं ‘स्टॉप’ झालं आणि दोन सेकंदांत परत ‘प्ले’. ना एरर, ना सूचना. दुसरा गेम कसाबसा उघडला, तर लॅपटॉपचं खरं ग्राफिक्स कार्ड स्वस्थ बसलेलं आणि सगळा भार प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सवर. फ्रेमचा आकडा विशीच्या वर जाईना. तिसऱ्या गेममध्ये गोष्ट सांगणारा व्हिडिओ यायच्या जागी नुसत्या रंगीत उभ्या पट्ट्या. अख्खा शनिवार असा गेला आणि खेळणं झालंच नाही.

मावशी : तिन्ही अडचणी खऱ्या आहेत आणि तिन्हींची कारणं ठाऊक आहेत. विंडोजच्या पार्टिशनची मांडणी एनटीएफएस पद्धतीची असते. प्रोटॉनला त्या छोट्या विंडोजमध्ये ‘सी’ आणि पुढे कोलन अशा नावाचा दुवा तयार करावा लागतो. विंडोज फाइलच्या नावात कोलन चालवून घेत नाही, आणि घोडं तिथेच पेंड खातं. शिवाय विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर बंद करतानाही ते पार्टिशन पूर्ण मोकळं होत नाही, मग लिनक्सला त्यावर लिहिता येत नाही. खात्रीचा उपाय हा. लिनक्सच्या स्वतःच्या पार्टिशनवर गेमची नक्कल करायची. नक्कल चालते, पुन्हा उतरवायची गरज नाही.

भाचा : हे मला इन्स्टॉल करताना कुणी सांगितलं का? नाही.

मावशी : नाही सांगत, आणि सांगायला हवं. दोन कार्डांच्या लॅपटॉपवर आयकॉनवर उजवं क्लिक करून मोठ्या कार्डावर गेम उघडायचा पर्याय असतो. तोही नवख्याला सापडत नाही. तिसरी गोष्ट व्हिडिओची. काही व्हिडिओ फॉरमॅट पेटंटमध्ये अडकलेले आहेत, ते फुकट वाटता येत नाहीत. व्हॉल्व्ह असे व्हिडिओ दुसऱ्या फॉरमॅटमध्ये करून गेमबरोबर पाठवतं. जिथे ते पोचत नाहीत तिथे पट्ट्या दिसतात. प्रोटॉन-जीई नावाची स्वयंसेवी आवृत्ती अशा वेळी बहुधा उपयोगी पडते.

भाचा : बघ, तुझ्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर आहे, कारण तुझं कामच ते आहे. मला दिवसभर लेक्चर, प्रॅक्टिकल, सबमिशन झाल्यावर तासभर मिळतो. त्या तासात मला खेळायचं असतं, दुरुस्ती करायची नसते. २०२१मध्ये लायनस सेबॅस्टियन या नावाजलेल्या यूट्यूबरने पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम टाकायला घेतलं आणि त्यात अख्खा डेस्कटॉपच उडाला. रोज हार्डवेअर हाताळणाऱ्याची ही गत, तर बाकीच्यांचं काय?

मावशी : ते घडलं, आणि त्यानंतर सॉफ्टवेअर टाकणाऱ्या-काढणाऱ्या पॅकेज मॅनेजरमध्ये सुधारणाही झाली. आज बॅझाइटसारखी लिनक्स मिळतात. त्यांत स्टीम आणि ड्रायव्हर आधीच बसवलेले असतात आणि अपडेट बिघडलं तर मागच्या स्थितीवर परत जाता येतं. पण तुझा मूळ मुद्दा मी नाकारत नाही. लिनक्सवर खेळणाऱ्याला थोडं जास्त माहीत असावं लागतं. किती जास्त, ते हार्डवेअरवर ठरतं. एएमडीच्या कार्डाचा खुला ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, आणि मेसा या ग्राफिक्सच्या खुल्या संचातच असतो. कार्ड लावलं की चालतं. एनव्हिडियाचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. २०२२मध्ये त्यांनी त्याचा कर्नलमधला भाग खुला केला, तेव्हापासून परिस्थिती बरीच सुधारली आहे. तरी डायरेक्टएक्स १२च्या गेममध्ये त्या कार्डांवर विंडोजपेक्षा फ्रेम कमी पडतात.

भाचा : आणि आपल्याकडच्या दुकानात गेमिंग लॅपटॉप मागितला की तो बहुधा एनव्हिडियाचाच निघतो. लिनक्सवाले ज्याचे गोडवे गातात तो स्टीम डेक, हातात धरून खेळायचा लिनक्सचा कॉम्प्युटर, व्हॉल्व्हने भारतात अजून अधिकृतपणे विकायला आणलेला नाही. म्हणजे सोपी वाट आम्हाला बंद आणि खडतर वाट समोर.

मावशी : हे तुझं बरोबर आहे. पण स्टीम डेकचा फायदा तो विकत न घेताही मिळतो, कारण त्यासाठी झालेली सगळी कामं प्रोटॉनमध्ये आणि मेसामध्ये येतात. फेब्रुवारी २०२२मध्ये एल्डन रिंग आला तेव्हा विंडोजवर लोक वैतागले होते. गेम मध्येच अडखळायचा. सरासरी फ्रेमवरून हे कळत नाही. सेकंदाला साठ फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक फ्रेमला साडेसोळा मिलिसेकंदांच्या आसपास वेळ मिळतो. एखादीच फ्रेम शंभर मिलिसेकंद रेंगाळली तर सरासरी तशीच राहते, पण हाताला धक्का जाणवतो. फ्रेम मोजणारं मॅंगोहड लावलं की कोपऱ्यात फ्रेमच्या वेळेची रेघ दिसते. सपाट असेल तर सगळं ठीक, मध्येच सुळका उठला की तोच तो धक्का. व्हॉल्व्हच्या लोकांनी पाहिलं, की काही ठिकाणी गेम एकदम हजारो गोष्टींसाठी मेमरी मागतो. प्रोटॉनमध्ये त्यांनी अशी मेमरी साठवून ठेवून पुन्हा वापरायची सोय केली आणि गेम लिनक्सवर सुरळीत चालू लागला. गेमच्या कोडला हात न लावता, बाहेरच्यांनी केलेली ही दुरुस्ती. आपल्या मशीनवरचा प्रत्येक थर उघडून पाहता येतो, म्हणून हे शक्य झालं.

भाचा : पण विंडोजवरचे धक्केही पुढे कमी झालेच असतील.

मावशी : कंपनीने लक्ष दिलं तर होतात. नाही दिलं तर? जुने गेम घे. नव्वदच्या दशकातल्या कितीतरी सीड्यांचे इन्स्टॉलर १६-बिटचे आहेत. ६४-बिट विंडोज ते उघडायलाच नकार देतं. वाइन ते उघडतं. ज्या गेमला कुणी वाली उरला नाही, त्याला लिनक्सवर अजून जागा आहे.

भाचा : जुन्या गेमचं खरं, पण जुन्या मशीनचं तसं नाही. लोक म्हणतात विंडोज १०वाल्यांनी लिनक्स टाकावं आणि खेळावं. नोव्हेंबर २०२२च्या डीएक्सव्हीके २.०पासून व्हल्कन १.३ लागतं. एनव्हिडियाच्या सहाशे-सातशे मालिकेतल्या केपलर कार्डांच्या शेवटच्या ड्रायव्हरमध्ये ते नाही. त्या माणसाने आशेने लिनक्स टाकलं तर ‘प्ले’ दाबल्यावर पुन्हा काळोख.

मावशी : अशांना स्टीममधून प्रोटॉनची जुनी आवृत्ती निवडावी लागते आणि नव्या गेमचा नाद सोडावा लागतो. लिनक्स टाकलं की जुनं कार्ड नवं होत नाही, हे आमच्या बाजूच्यांनी स्पष्ट सांगायला हवं. आता तुझ्या व्हॅलोरंटकडे येऊ?

भाचा : येऊच. माझा खरा आक्षेप तिथे आहे. तू इतका वेळ जे सांगितलंस ते एकट्याने खेळायच्या गेमचं आहे. आमच्यासाठी गेम म्हणजे मित्र. माझा शाळेतला एक मित्र आता बंगळुरूला असतो, एक जर्मनीत. रोज फोन होत नाही, पण आठवड्यातून दोन-तीन रात्री एकत्र खेळणं होतं आणि त्यात सगळ्या गप्पा होतात. गेम बदलायचा तर पाच जणांना बदलायला लावायचा. मी एकटा लिनक्सवर गेलो तर मला स्वातंत्र्य मिळेल आणि त्या रात्री जातील.

मावशी : याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि असल्याचा आव मी आणणार नाही. मित्र महत्त्वाचे. पण तुला हे अडवतंय कोण, ते बघ. इझी अँटी-चीट आणि बॅटलआय या फसवणूक रोखणाऱ्या दोन मोठ्या यंत्रणा प्रोटॉनवर चालू शकतात, हे सप्टेंबर २०२१मध्येच जाहीर झालं. गेम बनवणाऱ्याने फक्त ती सोय सुरू करायची. एल्डन रिंगमध्ये इझी अँटी-चीट आहे आणि तो लिनक्सवर ऑनलाइन चालतो. ही यंत्रणा एपिक कंपनीच्या मालकीची, फोर्टनाइटही एपिकचाच, आणि फोर्टनाइटसाठी मात्र ती सोय बंद. जीटीए ऑनलाइन वर्षानुवर्षं लिनक्सवर खेळला जात होता. सप्टेंबर २०२४मध्ये त्यात बॅटलआय आलं आणि लिनक्सवाले बाहेर पडले. त्याच गेमची एकट्याने खेळायची गोष्ट अजूनही चालते. कोड तोच, मशीन तेच. मध्ये बदलला तो निर्णय.

भाचा : निर्णय आहे, पण उगाच घेतलेला नाही. ऑक्टोबर २०२४च्या अखेरीस एपेक्स लेजेंड्सनेही लिनक्स बंद केलं. त्यांचं म्हणणं, लिनक्सच्या वाटेने फसवणारे आत येतात आणि त्यांना पकडणं अवघड जातं. विचार करून बघ. लिनक्सचा कर्नल कुणीही बदलून स्वतः बांधू शकतो. तुझ्यासाठी ते स्वातंत्र्य आहे, पण अँटी-चीट लिहिणाऱ्याने विश्वास कशावर ठेवायचा? चाळीस मिनिटं जीव ओतून खेळायचं आणि समोरचा भिंतीपलीकडून बघून गोळ्या घालतोय, हे ज्याने सोसलंय त्याला कडक पहारा हवासा वाटतो. तुझ्या लिनक्सवर काउंटर-स्ट्राइक २ मूळ आवृत्तीतच चालतो, पण चुरशीने खेळणारे बरेच जण फेसइट या स्पर्धांच्या मंचावर जातात. तिथलं अँटी-चीट कर्नलमध्ये बसतं आणि फक्त विंडोजवर चालतं.

मावशी : पहारा हवा, यात वाद नाही. पण सोसायटीच्या गेटवर वॉचमन बसवणं वेगळं आणि त्याच्याकडे प्रत्येक फ्लॅटची किल्ली देणं वेगळं. व्हॅलोरंटचा व्हॅनगार्ड नावाचा पहारेकरी विंडोजवर कर्नलमध्ये बसतो आणि कॉम्प्युटर सुरू होतो तेव्हाच जागा होतो, मग तू खेळ किंवा प्रोजेक्ट लिही. तुझी बँक, तुझे पासवर्ड त्याच मशीनवर. कर्नलमधली चूक किती महाग पडते ते १९ जुलै २०२४ला सगळ्या जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पाडली आणि विमानतळांवर रांगा लागल्या. ते सुरक्षेचं सॉफ्टवेअर होतं, गेमचं नव्हे. पण बसलेलं होतं कर्नलमध्येच. २०२२मध्ये गेनशिन इम्पॅक्टच्या अँटी-चीट ड्रायव्हरचा वापर करून खंडणीखोरांनी अँटिव्हायरस बंद पाडल्याचं उघड झालं. ज्यांच्या मशीनवर तो गेम नव्हता तिथेही तो ड्रायव्हर नेऊन बसवता येत होता.

भाचा : धोका आहे हे मान्य. पण दुसरा उपाय सांग. नुसतं ‘हे नको’ म्हणून फसवणूक थांबत नाही.

मावशी : सर्व्हरवर खेळाडूची चाल तपासणं, त्याला जेवढं दिसायला हवं तेवढीच माहिती त्याच्या मशीनकडे पाठवणं, हे उपाय आहेत. पुरेसे आहेत असं मी म्हणत नाही. पण कर्नलमधला पहाराही पुरेसा नाही. फसवणारे आता दुसरा कॉम्प्युटर आणि वेगळं कार्ड लावून थेट मेमरी वाचतात, आणि ते विंडोजवरच चालतं. म्हणजे मशीनची किल्लीही दिली आणि चोरही घरातच.

भाचा : कमी तर होतात ना? खेळणाऱ्याला तेवढा फरकही मोठा असतो. आणि कंपनीचा हिशेबही बघ. ऑक्टोबर २०२५च्या स्टीमच्या पाहणीत लिनक्स पहिल्यांदा ३ टक्क्यांच्या थोडं वर गेलं. त्या तीन जणांसाठी बाकीच्या सत्त्याण्णव जणांचा खेळ कुणी धोक्यात घालेल?

मावशी : मोठ्या कंपनीचं गणित तेच असणार. पण छोट्यांचं गणित प्रोटॉनने सोपं केलंय, ते विसरू नकोस. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ बनवला, २०२०मध्ये तो आला. अशा आकाराच्या स्टुडिओने लिनक्ससाठी वेगळी माणसं नेमावीत असं कोण म्हणेल? आता त्यांनी विंडोजची एक आवृत्ती नीट करायची, बाकीचं काम प्रोटॉनचं. लोकीपासून अडलेली गाठ अशी सुटली. म्हणून स्टीमवरच्या, फक्त विंडोजसाठी निघालेल्या हजारो गेमना आज लिनक्सवर वाट मिळाली आहे.

भाचा : एकट्याने खेळायच्या गेमपुरतं मी मानतो. परीक्षेनंतर मी द विचर ३ आणि सायबरपंक पुन्हा खेळायला घेणार आहे. ते लिनक्सवर खेळून बघेन, या वेळी लिनक्सच्याच पार्टिशनवर. पण विंडोज काढणार नाही.

मावशी : काढू नकोस. फक्त व्हॅलोरंटच्या विंडोजवर बँकेचं काम करू नकोस. आणि एक कर. ज्या गेमने लिनक्स बंद ठेवलंय त्याच्या कंपनीला लिही, की सोय केलीत तर मी तिथे खेळेन. तीन टक्क्यांतला एक जण लिहितो तेव्हा तो नेहमीचा असतो. सत्त्याण्णवातला लिहितो तेव्हा त्याची नोंद घ्यावी लागते.

भाचा : लिहीन. पण तुम्हीही नवख्याला आधी अडचणी सांगा, मग गुण.

दोघांचं म्हणणं शेजारी ठेवलं की चित्र स्पष्ट होतं. लिनक्सवर आज गेमचं तांत्रिक अडणं फार थोडं उरलं आहे आणि जे उरलं आहे ते बहुतेक सुटणारं आहे. पार्टिशन, ड्रायव्हर, व्हिडिओ, जुनं कार्ड या प्रत्येकाचं कारण माहीत आहे. मोठ्या ऑनलाइन स्पर्धांच्या दारात जी अडवणूक होते ती मात्र माणसांनी ठरवलेली आहे. ती उठवायची किल्ली लिनक्स लिहिणाऱ्यांच्या हातात नाही, कंपन्यांच्या हातात आहे. या दोन गोष्टींची गल्लत करून ‘लिनक्सवर गेम चालत नाहीत’ म्हणणं जितकं चूक, तितकंच ‘सगळं चालतं’ म्हणणंही चूक.

मशीन बदलायचं की लिनक्स टाकायचं या विचारात असाल, तर आधी एका कागदावर तुम्ही वर्षभरात खरोखर खेळलेले गेम लिहा. प्रत्येकाचं नाव प्रोटॉनडीबी या खेळाडूंच्या अनुभवांच्या संकेतस्थळावर आणि स्टीमच्या सुसंगतीच्या खुणेत पाहा. आपलं ग्राफिक्स कार्ड व्हल्कन १.३ पेलतं का, हेही पाहा. यादीत गोष्टीचे, मोहिमांचे, कोड्यांचे, जुने गेम जास्त असतील तर लिनक्स निर्धास्तपणे टाका. गेम त्याच्याच पार्टिशनवर ठेवा आणि पहिली सुट्टी मांडणीला द्या. मित्रांबरोबरचा कर्नलमध्ये पहारा बसवणारा एखादा गेम यादीत वरच असेल, तर तेवढ्यासाठी विंडोज ठेवा आणि त्या विंडोजवर खेळाखेरीज दुसरं काही करू नका. स्पर्धेच्या काही मोठ्या गेमची दारं लिनक्सला अजून बंद आहेत. बाकी बहुतेक खेळांसाठी ते तयार आहे.